मधलं नाव

"हे चालणार नाही," काउंटरवरचा तरुण म्हणाला आणि मावलुदा ओपाचा पासपोर्ट त्याने दोन बोटांनी माझ्याकडे सरकवला.

दोन बोटांनी. आज इतकी वर्षं झाली, पण ती दोन बोटं माझ्या डोक्यातून गेलेली नाहीत. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली ती तिथेच.

"का चालणार नाही?"

"कागद जुळत नाहीत."

"कुठले कागद? व्हिसा? तुर्कस्तानला जायला उझबेक माणसाला व्हिसा लागत नाही. जाऊन महिन्याभरात परत येणार आहेत. परतीचं तिकीट हे इथे आहे. पासपोर्टची मुदत भरपूर आहे. नवा, लाल, परदेशासाठीचा पासपोर्ट आहे. अजून काय हवंय तुम्हाला?"

"बाई, माझं ऐकून घ्या..."

"तुम्ही आधी नियम वाचून घ्या."

मी त्याला बोलूच दिलं नाही. त्याला कारणही होतं. आठवडाभरापूर्वी याच काउंटरवरून आमच्या ऑफिसातून तिकीट काढलेला एक माणूस असाच परत पाठवला होता. बिचारा सुतार, भावाकडे निघालेला. त्याचे सगळे कागद चोख होते, पण "पाहुणचाराचं पत्र कुठे आहे?" म्हणून कुणीतरी त्याला अडवलं, आणि असलं पत्र कुठल्याच नियमात नव्हतं. तेव्हापासून माझ्या पोटात राग साठलेला होता, आणि तो काढायला मला कुणीतरी हवंच होतं.

मी तेव्हा ताश्कंदमध्ये राहत होते. समीर, माझा नवरा, तिथल्या औषधांच्या कारखान्यात होता. घरात बसून मला वेड लागायची वेळ आली तेव्हा मी रहमतुल्ला अकांच्या ऑफिसात नोकरी धरली. अका म्हणजे दादा. तिकिटं काढायची, फॉर्म भरायचे, कुठल्या देशाला काय लागतं ते लोकांना सांगायचं, असं आमचं काम. भिंतीवर मी माझ्या हाताने एक यादी लिहून लावली होती. डावीकडे व्हिसा न लागणारे देश, उजवीकडे लागणारे. डावा रकाना लहान होता. लोक आत यायचे, टोपी काढायचे आणि आधी त्या डाव्या रकान्यासमोर उभे राहायचे. कुठे जायचंय ते बरेच जण सांगत नसत. "नुसत्या पासपोर्टावर कुठे जाता येईल?" एवढंच विचारत. मला त्याची फार चीड यायची. त्यांची नव्हे, त्या रकान्याची.

मावलुदा ओपा आमच्या घरमालकीण. ओपा म्हणजे ताई. अठ्ठावन्न वर्षांची बाई, शिवणकाम करून एकटीने मुलगी वाढवलेली. बोटं सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली, आणि जीभही तशीच. मुलगी निगोरा इस्तंबूलला दिली होती. तिकडेच स्थायिक झालेलं उझबेक कुटुंब. निगोराला मुलगा झाला, आणि चाळिसाव्या दिवशी, शनिवारी, त्याला पाळण्यात घालायचं ठरलं.

तिथली रीत अशी की पाळणा मुलीच्या माहेराने आणायचा. बेशिक म्हणतात त्याला. लाल-पिवळ्या रंगाचा, कातलेल्या दांड्यांचा लाकडी पाळणा. तो घेऊन माहेरची माणसं येतात, वाजतगाजत येतात, आणि सासरच्या चार लोकांना दिसतं की या पोरीच्या पाठीशी कुणीतरी आहे. निगोराच्या पाठीशी एकच माणूस होतं. तिच्या सासूने फोनवर गोड आवाजात सांगितलं होतं, "तुम्हाला जमणार नसेल तर राहू द्या हं. पाळणा आम्हीच आणू."

ते ऐकून ओपाने फोन ठेवला आणि दुसऱ्या दिवशी सुताराकडे गेली.

तो पाळणा आता आमच्या शेजारी उभा होता, रजईत गुंडाळून सुतळीने बांधलेला. शुक्रवार होता. विमान दुपारी एकचं. पुढचं विमान थेट रविवारी.

"हे बघा," मी त्या तरुणाला म्हटलं, "या बाईंच्या नातवाला उद्या पाळण्यात घालायचंय. तुमच्या मनात आलं म्हणून तो कार्यक्रम पुढे जाणार नाही."

"माझ्या मनाचा प्रश्न नाही, नियम असा आहे की..."

"नियम मला सांगू नका! मी रोज तेच करते. मला झोपेतून उठवून विचारलं तरी मी सांगेन कुठे किती दिवस राहता येतं ते. डोक्याला रुमाल बांधलेली बाई दिसली, हातात पाळणा दिसला, की तुम्हाला वाटतं ही खेडवळ, हिला कोण विचारतंय. सुटाबुटातल्या माणसाला थांबवलं असतंत का?"

मागच्या रांगेतून एक बाई म्हणाली, "बरोबर बोलतेय." मला आणखी चेव आला. माझं उझबेक मोडकं, रशियन त्याहून मोडकं, आणि पारा चढला की मधूनच मराठी सुटायचं. "लाज नाही वाटत का?" हे मी त्याला शुद्ध मराठीत विचारलं. त्याला अर्थ कळला असणार, कारण तो कानापर्यंत लाल झाला.

तेवढ्यात सामानाच्या पट्ट्यावरच्या एका हमालाने पाळणा वजनाला ठेवताना जरा हलवून पाहिला. ओपा त्याच्या अंगावरच गेली. "हलवू नको! रिकामा पाळणा हलवतात का?"

मी चमकून तिच्याकडे पाहिलं. आमच्या चाळीसगावला माझी आजी अगदी हेच म्हणायची. मला एकदम ती बाई माझीच कुणीतरी वाटली, आणि मी काउंटरवर हात आपटला.

"तुमच्या वरच्यांना बोलवा!"

त्याने सुटकेचा निःश्वास टाकला आणि फोन उचलला.

वरच्या म्हणून ज्या आल्या त्या नाझोकत बाई. पन्नाशीच्या, करड्या केसांच्या, गळ्यात चष्म्याची साखळी. त्यांनी तरुणाचं ऐकलं, पासपोर्ट उघडला, तिकीट त्याच्या शेजारी ठेवलं, दोन्हीकडे पाहिलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "तिकीट तुम्ही काढलंत?"

"मीच. आमच्या ऑफिसने. सगळं नियमाप्रमाणे आहे."

"मग तिकिटावरचं नाव वाचा."

"वाचायचं काय त्यात?"

"मोठ्याने वाचा."

मी कागद उचलला. सगळी रांग ऐकत होती. बरंच झालं, म्हटलं, ऐकू दे सगळ्यांना. मी शाळेत धडा वाचावा तसा खणखणीत आवाजात वाचला.

"सोलियेवा. मावलुदा. फरहोद."

"आता पासपोर्ट."

"सोलियेवा. मावलुदा. कमोल..."

माझा आवाज तिथेच बसला. पुढचा शब्द 'किझी' होता. किझी म्हणजे मुलगी. कमोलची मुलगी मावलुदा. तिच्या पासपोर्टावर बापाचं नाव होतं. तिकिटावर दुसऱ्याच माणसाचं.

"काय वाचलंस तू?" ओपा माझ्या मागून म्हणाली. "आधी काय वाचलंस? परत वाच."

मी परत वाचलं नाही. तिने माझ्या हातातून तिकीट घेतलं. तीन आठवडे तो कागद तिच्या कपाटात, चांगल्या टेबलक्लॉथच्या घडीत होता. रोज काढून बघायची. पण ओपाची शाळा रशियन अक्षरांत झालेली. ही नवी लॅटिन अक्षरं तिला एकेक करून लावावी लागत. तिने तारीख लावली होती, 'इस्तंबूल' लावलं होतं. स्वतःचं नाव कोण कशाला वाचतं?

आता तिने बोट ठेवून ते लावलं. फ. र. हो. द.

फरहोद म्हणजे तिचा नवरा. बावीस वर्षांपूर्वी तो रशियात बांधकामावर गेला. पहिली दोन वर्षं पत्रं आली. मग समजलं की त्याने तिकडे दुसरं लग्न केलं, मुलंही झाली. निगोराला गोवर झाला तेव्हा तो आला नाही, तिच्या लग्नालाही आला नाही. ओपाच्या घरात त्याचा एक फोटो नव्हता. हे सगळं मला तिच्या जावेने सांगितलेलं. ओपाने स्वतः त्याचं नाव माझ्यासमोर एकदाच घेतलं होतं, आणि तेही मी विचारलं म्हणून.

तीन आठवड्यांपूर्वीची गोष्ट. तिचा नवा पासपोर्ट अजून हातात यायचा होता, आणि त्या विमानात जागा भराभर चालल्या होत्या. मी घरी फोनवरच तिकीट काढायला बसले. ओपा चहा ओतत होती.

"पूर्ण नाव सांगा," मी म्हटलं. "आडनाव?"

"सोलियेवा."

"नवऱ्याचं नाव?"

चहाची धार थांबली. मग ती म्हणाली, "फरहोद," आणि किटली जरा जोरात खाली ठेवली. मी टाईप केलं. नाव, नवऱ्याचं नाव, आडनाव. आमच्याकडे बाईचं पूर्ण नाव असंच असतं. मला त्यात विचार करण्यासारखं काही वाटलंच नाही. पासपोर्ट हातात आल्यावर मी त्याचा नंबर तेवढा भरला, मुदत तेवढी पाहिली. नाव बघायची मला गरज वाटली नाही. मी रोजच्या रोज लोकांना नियम शिकवणारी बाई!

"तू त्याला माझ्या नावात घातलंस?" ओपा म्हणाली.

"ओपा, मी..."

"माझ्या नावात?"

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. "मी विचार केला, सरकारी काम आहे, विचारतात. पोलीस विचारतात, दवाखान्यात विचारतात. कुठल्या तरी रकान्यात जाईल. मी बावीस वर्षं ते नाव माझ्या उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही, आणि तू ते माझ्या कागदावर लिहून मला तीन आठवडे कपाटात ठेवायला दिलंस? त्या नावाने मी माझ्या पोरीच्या दारात जाऊ?"

मी त्या तरुणाकडे वळले. आता त्याची नजर टाळावीशी वाटत होती. "टायपिंगची चूक आहे," मी म्हटलं. "छोटीशी."

नाझोकत बाईंनी चष्मा काढला. "टायपिंगच्या चुकीत एक अक्षर बदलतं," त्या म्हणाल्या. "इथे अख्खा माणूस बदललाय."

रांगेतल्या, मघाशी माझ्या बाजूने बोललेल्या बाईने मान फिरवली.

"आता काय करायचं?" मी विचारलं.

"दोन रस्ते आहेत. प्रवाशाने चुकीचं नाव दिलं असेल तर तिकीट बाद. नवं काढायचं, आणि आज जागा नाही. चूक तिकीट काढणाऱ्या ऑफिसची असेल तर त्या ऑफिसने तसं लिहून द्यायचं, सही-शिक्क्यानिशी. मग मी नाव बदलू शकते. अर्ध्या तासात काउंटर बंद होईल."

शिक्का माझ्या पर्समध्येच होता. तिथे शिक्क्याशिवाय पान हलत नाही, आणि त्या दिवशी मला पुढे दुसऱ्या एका कचेरीत जायचं होतं, म्हणून अकांनी तो माझ्याकडे दिला होता. देताना नेहमीप्रमाणे बजावलं होतं: मला विचारल्याशिवाय तो कुठेही उमटवायचा नाही.

मी त्यांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"ते नाव तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं ना?"

"हो, पण मी विचारलं म्हणून..."

"सांगितलं ना? मग तसंच लिही. प्रवाशाने चुकीची माहिती दिली. यात खोटं काही नाही."

"अका, मग तिकीट बाद होईल. त्या आज जाऊ शकणार नाहीत."

"वाईट वाटतं मला. चांगली बाई आहे. पण आपली चूक असं एकदा लिहून दिलं की आपलं नाव काळ्या यादीत. मग एक तिकीट काढता येणार नाही आपल्याला. मंजिरी, मी तुला हात जोडून सांगतो. लिहू नकोस."

मी फोन बंद केला. खरं सांगायचं तर मला मोह झाला. एक वाक्य तर लिहायचं होतं, आणि त्यात म्हणायला खोटं काही नव्हतं. ओपाला इंग्रजी येत नव्हतं. मी काय लिहिलं ते तिला कधीच कळलं नसतं. नंतर मी तिच्यासमोर त्या काउंटरला आणखी चार शिव्या घातल्या असत्या, आणि तिने कदाचित मलाच चहा पाजला असता.

ओपा पाळण्याच्या सुतळीची गाठ पुन्हा घट्ट करत होती. जणू जाणार हे ठरलेलंच आहे.

मी नाझोकत बाईंकडून कोरा कागद मागून घेतला आणि लिहिलं. 'प्रवाशाची काही चूक नाही. मी त्यांना वडिलांचं नाव विचारलंच नाही, नवऱ्याचं विचारलं. पासपोर्ट हातात आल्यावरही मी तो नीट वाचला नाही. चूक सर्वस्वी माझी.' खाली सही केली, शिक्का उठवला. नाझोकत बाई म्हणाल्या, "पूर्ण नाव लिहा. आणि तुमचा पासपोर्ट दाखवा, जुळवून बघावं लागतं."

मी लिहिलं: मंजिरी समीर ठोंबरे. त्यांनी माझ्या पासपोर्टाशी ते ताडून पाहिलं. अक्षर न् अक्षर जुळलं.

"समीर म्हणजे वडील?" त्यांनी सहज विचारलं.

"नाही. नवरा."

गाठ बांधता बांधता ओपाने मान वर केली. "तुझ्यासुद्धा नावात नवरा?"

"आमच्याकडे असंच असतं, ओपा. लग्न झालं की बापाचं नाव जातं, नवऱ्याचं येतं. म्हणून तर माझ्या हातून तसं लिहिलं गेलं."

"सगळ्या बायकांचं?"

"बहुतेकींचं."

"मग बाप कुठे जातो?"

तिने खरंच विचारलं होतं. टोमणा नव्हता त्यात. तिला समजत नव्हतं, आणि मी समजावून सांगेन म्हणून ती थांबली होती. व्हिसा, मुदत, परतीचं तिकीट, सगळ्यांची उत्तरं माझ्या तोंडावर होती. याचं नव्हतं.

"मेला की काय तुझा बाप?"

"नाही! जिवंत आहेत. चाळीसगावला असतात."

"नाव काय?"

"यशवंत."

"त्याला ठाऊक आहे, तू त्याला पुसलंस ते?"

मला राग आला. तिचा आला, की ज्याने कुणी हे सगळं ठरवलं त्याचा, ते तेव्हा मला सांगता आलं नसतं. पहिलीत घालायच्या आदल्या संध्याकाळी बाबांनी मला अंगणात बसवून पाटीवर माझं नाव गिरवायला लावलं होतं. मंजिरी यशवंत बाविस्कर. बाबा एसटीत कंडक्टर. दिवसभर उभे असायचे, पण त्या संध्याकाळी माझ्या शेजारी उकिडवे बसून राहिले. मी दर वेळी 'यशवत' लिहायची. "'व'वरचा अनुस्वार दे गं," ते म्हणायचे. "त्याच्याशिवाय मी अर्धाच." मग दहावी, बारावी, पदवी, प्रत्येक कागदावर मी तो अनुस्वार दिला. आणि लग्नानंतर एका दुपारी, कचेरीतल्या माणसाने 'नवीन नाव?' विचारल्यावर, एका फॉर्मवर आडवी रेघ मारून बाबांना काढून टाकलं. कुणी माझा हात धरून लिहून घेतलं नव्हतं, आणि कुणी मला विचारलंही नव्हतं. समीरने मागितलं नव्हतं, आणि बाबाही काही बोलले नव्हते.

"झालं," नाझोकत बाई म्हणाल्या. नवीन तिकीट त्यांनी ओपाच्या हातात दिलं, आणि तिला अक्षरं लावायला लागू नयेत म्हणून स्वतः वाचून दाखवलं. "सोलियेवा मावलुदा कमोल किझी." ओपाने मान डोलावली. त्या तरुणाने पाळण्यावर चिठ्ठी लावली आणि हमालाला सांगितलं, "हलवू नको रे." मी त्याची माफी मागितली. तो म्हणाला, "तुम्ही मला बोलू दिलं असतंत तर दहा मिनिटांत झालं असतं." ते मला ऐकून घ्यावंच लागलं.

ओपाने मला जवळ घेतलं नाही. एरवी बाजाराला गेली तरी दोन्ही गालांना गाल लावून जाणारी बाई, बोचकं उचलून नुसती चालू लागली. तिचा राग गेला नव्हता, आणि जावा असं मी काही केलंही नव्हतं. तपासणीची रांग ओलांडली, बूट घातले, रुमाल सारखा केला. मग वळली आणि तिथून, मधे पोलीस, काच, शंभर माणसं असताना, बाजारात हाक मारावी तशी ओरडली:

"मंजिरी यशवत किझी!"

अकरा वर्षांत मला त्या नावाने कुणी हाक मारली नव्हती. तिच्याही तोंडून अनुस्वार राहिलाच होता. बाबा तिथे असते तर त्यांनी टोकलं असतं. मी तिथे उभी राहून रडले, चांगली हुंदके देऊन. लोकांना वाटलं असेल, आई चाललीय हिची.

शनिवारी रात्री निगोराने फोटो पाठवला. लाल-पिवळा पाळणा, त्यात बांधलेलं गाठोड्याएवढं पोर, आणि शेजारी, सगळ्या सासरच्यांच्या मधोमध, ओपा. दोन्ही हात पाळण्याच्या दांडीवर. सोमवारी रहमतुल्ला अकांनी माझ्याकडून शिक्का परत घेतला. ते रागावले नाहीत. म्हणाले, "तू खरं लिहिलंस गं. पण माझ्या शिक्क्याने लिहिलंस." त्या दिवशी माझी नोकरी सुटली; भिंतीवरची यादी मी तिथेच सोडून आले.

मागच्या महिन्यात चाळीसगावला गेले होते. बाबांना आता एकट्याने कचेऱ्या होत नाहीत, म्हणून गावच्या पतसंस्थेत त्यांच्या खात्याला माझं नाव जोडायचं होतं. मधल्या वर्षांत पासपोर्ट, आधार, सगळीकडे मी नाव पूर्वीसारखं करून घेतलंय, एकेका खिडकीशी भांडून. समीरने सगळीकडे सोबत सह्या केल्या. बाबांना मात्र मी यातलं काही सांगितलं नव्हतं. कसं सांगायचं तेच कळत नव्हतं. ते बाकावर बसले होते, काठी गुडघ्यांत धरून. खिडकीतल्या माणसाने फॉर्म भरून माझ्यापुढे सरकवला. मी दिलेलं आधार कार्ड तसंच उलटं पडलं होतं. त्याने मला नुसतं नवऱ्याचं नाव विचारलं होतं, आणि मी सांगितलं होतं. माझ्या नावात मधे समीर.

"हे चुकलंय," मी म्हटलं.

"असू द्या ताई. मिस्टरांचंच टाकतात लेडीजचं."

"मधे वडिलांचं नाव टाका. कार्डावर बघा."

"आता परत सगळं टाईप करू का? टायपिंगची चूक समजा. चालून जातं."

"टायपिंगच्या चुकीत एक अक्षर बदलतं हो," मी म्हटलं. माझा आवाज चढला होता, आणि मी तो चढू दिला. "इथे अख्खा माणूस बदललाय. तो माणूस तिथे बाकावर बसलाय, आणि हे खातं त्याचं आहे!"

सगळे वळून बघायला लागले. "राहू दे गं मंजू," बाबा बाकावरून म्हणाले. "कशाला भांडतेस? चालतं तसंच."

"नाही चालत, बाबा."

खिडकीतल्या माणसाने सुस्कारा टाकला आणि जुना फॉर्म फाडला. "मंजिरी," त्याने टाईप केलं. "हं. मधे?"

मागे काठी टेकल्याचा आवाज आला. बाबा उठून खिडकीशी आले होते. त्यांनी चष्मा सारखा केला, आत वाकून पडद्याकडे पाहिलं, आणि म्हणाले:

"यशवंत. 'व'वर अनुस्वार द्या. विसरू नका."